४५९ ठिकाणं आणि एक स्थगिती : इम्पीरियल व्हॅली सौर प्रकल्पाच्या पुरातत्त्व पाहणीचं प्रकरण

१५ डिसेंबर २०१० रोजी सॅन दिएगोच्या फेडरल न्यायालयाने एका सौर प्रकल्पाला पहिली कुदळ पडण्याआधीच स्थगिती दिली. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल परगण्यात, मेक्सिकोच्या सीमेपासून थोड्याच अंतरावर, ७०९ मेगावॉटचा इम्पीरियल व्हॅली सौर प्रकल्प उभा राहणार होता. त्यासाठी ६,३६० एकर सरकारी वाळवंटी जमीन ठरली होती. तिथे आपल्या पूर्वजांच्या खुणा आहेत आणि त्यांच्याबद्दल सरकार आपल्याशी नीट बोललेलंच नाही, असं म्हणत क्वेचान ही मूळनिवासी जमात कोर्टात गेली होती.

अशी प्रकरणं म्हटली की डोळ्यांसमोर ठरावीक चित्र येतं. कंपनीने पाहणी टाळली, बुलडोझर फिरला, काहीतरी सापडलं, मग आरडाओरड. इथे तसं काही झालं नव्हतं. पाहणी झाली होती, तिचे जाडजूड अहवाल होते, आणि प्रकल्पाच्या हद्दीत ४५९ ठिकाणं रीतसर नोंदली गेली होती. त्यांतली ३०० हून अधिक प्रागैतिहासिक वापराची किंवा वस्तीची होती, शिवाय त्या जमिनीतून जाणाऱ्या जुन्या पायवाटा होत्या. पाहणी करणाऱ्यांनी काम चुकवलं म्हणून प्रकल्प अडला असं म्हणायला जागाच नाही. माझ्या वाचनाप्रमाणे घोळ होता तो क्रमाचा. काय सापडलं हे आधी कळलं, त्याचं मोल काय हे मंजुरीनंतर ठरवायचं होतं, आणि ज्यांना ते मोल सांगता आलं असतं त्यांच्यासमोर बसायचं राहूनच गेलं.

आटणारं तळं

एल सेंट्रो या गावाच्या पश्चिमेला सत्तावीसेक किलोमीटरवर प्लास्टर सिटी आहे. नावाला सिटी, प्रत्यक्षात जिप्समचा एक कारखाना. त्याच्या आसपासचं वाळवंट नकाशावर पाहिलं तर इथे कोण कशाला राहायला येईल असं वाटतं. मंत्रालयांत आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांत अशा जमिनीला ‘मोकळी’ म्हणतात.

ती मोकळी का नाही, याचं उत्तर कोलोरॅडो नदीत आहे. हा सगळा प्रदेश समुद्रसपाटीच्या खाली गेलेला एक मोठा खळगा आहे. नदी गाळ आणून आपलंच पात्र उंच करत न्यायची आणि कधीतरी पश्चिमेला वळून या खळग्यात शिरायची. मग काही वर्षांत गोड्या पाण्याचं प्रचंड तळं भरायचं. पाणी समुद्रसपाटीच्या वर बारा मीटरला पोहोचलं की दक्षिणेला ओसंडून कॅलिफोर्नियाच्या आखाताकडे जायचं. नदी परत फिरली की वाळवंटाच्या उन्हात तळं आटू लागायचं आणि काही दशकांत पुन्हा कोरडं रण. गेल्या हजारेक वर्षांत हे अनेकदा झालं. अभ्यासक या तळ्याला लेक काहुइया म्हणतात. आज त्याच खळग्याच्या तळाशी सॉल्टन सी आहे, पण ते १९०५ साली कालवा फुटून भरलेलं पाणी आहे.

तळं भरलं की काठावर मासे, पाणपक्षी, लव्हाळी आणि अर्थातच माणसं यायची. पाणी मागे सरकलं की माणसंही त्याच्या मागे उतरायची. मासे अडवायला उथळ पाण्यात दगड रचायचे, आणि पाणी आणखी खाली गेलं की त्याखाली नवी रांग. काही ठिकाणी अशा दगडी रचना उतरत्या पायऱ्यांसारख्या अजून दिसतात. तळं पुरतं आटलं की लोक नदीकडे किंवा डोंगराकडे निघून जायचे. येण्याजाण्याच्या वाटा मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच राहायच्या.

प्रकल्पाची जागा या जुन्या तळ्याच्या पश्चिम काठाच्या टापूत होती. हे ठाऊक असलेल्या कोणालाही ४५९ या आकड्याचं आश्चर्य वाटलं नसतं. शिवाय स्पॅनिश सेनानी हुआन बाउतिस्ता दे आन्सा याने १७७५-७६ मध्ये वसाहतकऱ्यांचा तांडा सॅन फ्रान्सिस्कोकडे नेला, त्याचा मार्गही इथूनच जातो आणि तो राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग म्हणून जाहीर झालेला आहे. एवढ्या गोष्टी कागदावर आधीच होत्या. पाहणीचा पहिला धडा खरं तर इथेच संपतो. जमिनीवर पाऊल टाकण्याआधी जुने नकाशे, पाण्याच्या जुन्या पातळ्या आणि आधीच्या नोंदी पाहिल्या की जागा कुठे निवडू नये हे बरंचसं कळतं. पण कंपनीचा अर्ज आधी येतो, जागा आधी ठरलेली असते आणि पाहणी करणाऱ्याला बोलावतात ते त्या ठरलेल्या चौकटीत.

नऊ गुंठ्याला एक तबकडी

प्रकल्पाचं यंत्र आज विस्मरणात गेलंय, पण इथे ते समजून घ्यावं लागतं. आपण पाहतो तशी सपाट पॅनेलं ही नव्हेत. ‘सनकॅचर’ ही आरशांची ३८ फूट व्यासाची तबकडी होती. ती दिवसभर सूर्याकडे तोंड फिरवत राहायची आणि उष्णता एका स्टर्लिंग इंजिनावर, म्हणजे बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनावर, एकवटायची. एका तबकडीची क्षमता २५ किलोवॉट. आधीचा बेत ३०,००० तबकड्यांचा म्हणजे ७५० मेगावॉटचा होता. पावसाळी ओहोळांवरचा परिणाम कमी करायला तो २८,३६० वर आणला, म्हणून ७०९ मेगावॉट. टेसेरा सोलर ही विकासक कंपनी आणि तिची भावंड कंपनी स्टर्लिंग एनर्जी सिस्टिम्स यांनी तोवर व्यापारी पातळीवर चालवून दाखवलेला प्रकल्प होता अ‍ॅरिझोनातल्या पिओरिया इथला, ६० तबकड्यांचा, दीड मेगावॉटचा. साठावरून थेट अठ्ठावीस हजारांवर उडी!

आता साधा हिशेब. ६,३६० एकरांत २८,३६० तबकड्या म्हणजे सरासरी नऊ गुंठ्याला एक. ४५९ ठिकाणं म्हणजे सरासरी चौदा एकरांत एक. चौदा एकरांत साठेक तबकड्या येतात, शिवाय त्यांच्या रांगांमधले रस्ते, जमिनीखालच्या वाहिन्या, कुंपण, उपकेंद्र. प्रत्येक तबकडी एकाच खांबावर उभी राहते, त्यामुळे सगळी जमीन सपाट करायची गरज नाही, हा या तंत्राच्या बाजूने नेहमीचा युक्तिवाद असायचा आणि तो खोटा नव्हता. पण इतक्या दाट मांडणीत एखादी पायवाट ‘टाळायची’ म्हणजे काय? वाट ही लांबलचक गोष्ट. तिच्यावरचा एक खांब हलवता येतो, पण वाट दोन्हीकडून आरशांनी वेढली गेली की ती नावापुरतीच उरते.

पाहणीत नेमकं काय करतात

ओल्या, नांगरलेल्या मुलखात, उदाहरणार्थ इंग्लंडमध्ये, शेतात सौर पॅनेलं लावण्याआधी चुंबकमापक फिरवतात. मातीखालचे बुजलेले खंदक, भट्ट्या यांमुळे चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक तो टिपतो. मग संशयाच्या आणि बिनसंशयाच्याही जागी चाचणी-चर खणतात. वाळवंटात कामाची तऱ्हा वेगळी. इथे माती साचत नाही, उलट वारा ती उडवून नेतो. मागे उरतो खड्यांचा घट्ट थर, फरसबंदी केल्यासारखा. हजार वर्षांपूर्वी हातातून पडलेली वस्तू आणि काल पडलेला डबा एकाच पातळीवर शेजारी शेजारी असतात.

म्हणून इथलं मुख्य हत्यार म्हणजे पाय. माणसं एका ओळीत उभी राहतात, दोघांत साधारण पंधरा मीटरचं अंतर ठेवतात आणि नजर जमिनीवर लावून चालू लागतात. टोकाला पोहोचलं की ओळ सरकते आणि परत फिरते. अमेरिकी पश्चिमेत कसून केलेल्या पाहणीची ही रूढ रीत आहे. पंधरा मीटरच्या हिशेबाने ६,३६० एकर चालायचे तर एकूण अंतर सतराशे किलोमीटरच्या पुढे जातं.

चालणाऱ्याला काय दिसतं? बहुतेक वेळा फारच थोडं. खड्यांच्या गर्दीत नखाएवढी कपची, रंगाने जरा निराळी. ती उचलून उजेडात तिरकी धरली तर एका अंगाला ठोसा बसला होता तिथे छोटा फुगवटा, आणि त्यापासून पसरत गेलेल्या लाटा. निसर्गात फुटलेल्या दगडाला सहसा हे दोन्ही एकत्र मिळत नाहीत. कुठे पिवळट मातीच्या पातळ भांड्याचं खापर. कुठे आगीत तडकून लालसर झालेले दगड एकाच जागी. कुठे खडे बाजूला सारून केलेला माणूसभर मोकळा गोल. आणि सगळ्यांत नाजूक गोष्ट म्हणजे जळून चुन्यासारखे पांढरे पडलेले हाडांचे तुकडे. क्वेचान आणि आसपासच्या जमाती मृतांचं दहन करत. तिथे कबरीवर दगड नाही की ढिगारा नाही, आणि दहनाची जागा उघड्या जमिनीवर अशा चार कणांनीच ओळखू येते. पायाखाली जाणं अगदी सोपं.

एक सुटी कपची ही ‘एकांडी’ नोंद होते. जवळजवळ बऱ्याच वस्तू असल्या की ते ‘ठिकाण’ होतं, त्याला हद्द आखतात, क्रमांक देतात, आराखडा काढतात. ही वर्गवारी सोयीची आहे आणि तिच्याशिवाय कामच चालणार नाही. पण तिच्यामुळे एक गोष्ट हातातून निसटते. ४५९ बंद वर्तुळं नकाशावर काढली की मधली जागा आपोआप ‘रिकामी’ होते. जमातीच्या दृष्टीने ती वाट, तो काठ, ते दहनस्थान आणि समोरचा डोंगर हे सगळं मिळून एक होतं. हे नोंदणीच्या छापील तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहायचं? पाहणी करणाऱ्याला ते दिसतही नाही. ते सांगणारा माणूस सोबत लागतो.

तारीख ३१ डिसेंबर

२००९ च्या आर्थिक उत्तेजन कायद्यात अशी तरतूद होती की प्रकल्पाचं काम ३१ डिसेंबर २०१० पूर्वी सुरू झालं तर करसवलतीच्या ऐवजी खर्चाच्या ३० टक्के रक्कम रोख अनुदान म्हणून मिळेल. शेकडो कोटी डॉलरच्या प्रकल्पांना ही रक्कम म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न. त्यामुळे सरकारी जमिनींचा कारभार पाहणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटने, म्हणजे पुढे नुसतं ब्युरो म्हणू, काही अर्ज जलदगतीच्या यादीत टाकले.

५ ऑक्टोबर २०१० रोजी अंतर्गत खात्याचे मंत्री केन सॅलझार यांनी इम्पीरियल व्हॅली आणि लुसर्न व्हॅली या दोन प्रकल्पांना मंजुरी जाहीर केली. सरकारी जमिनीवरचे हे देशातले पहिले मोठे सौर प्रकल्प. पुढच्या महिन्याभरात आयव्हनपा, कॅलिको, ब्लाइथ आणि जेनेसिस. एकट्या कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात महिन्यात सहा! सौरऊर्जा हवी होती, बेकारी होती, राजकीय इच्छाही होती. घाई समजण्यासारखी आहे. पण तारीख ठरली की बाकी सगळं तिच्या मागून धावतं आणि ज्या कामाला वेळ हाच कच्चा माल लागतो त्याची सगळ्यांत आधी कापाकापी होते.

कलम १०६ काय मागतं आणि काय मागत नाही

अमेरिकेचा राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायदा १९६६ चा. त्याचं कलम १०६ सांगतं की सरकारी खात्याने पैसे, परवाना किंवा जमीन देण्याआधी त्या निर्णयाचा ऐतिहासिक ठिकाणांवर काय परिणाम होईल याचा विचार केला पाहिजे. पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी परिणामाचं क्षेत्र ठरवायचं, मग त्यातली ठिकाणं शोधायची, त्यातली कोणती नॅशनल रजिस्टरला, म्हणजे ऐतिहासिक ठिकाणांच्या राष्ट्रीय यादीला, पात्र आहेत ते पारखायचं, त्यांना बाधा पोहोचते का ते पाहायचं, आणि पोहोचत असेल तर तोडगा काढायचा. प्रत्येक पायरीवर राज्याच्या जतन अधिकाऱ्याशी सल्लामसलत हवी. १९९२ च्या दुरुस्तीने त्यात जमातीही आल्या. एखाद्या जागेला जमात धार्मिक किंवा सांस्कृतिक महत्त्व देत असेल तर ती जागा तिच्या राखीव क्षेत्राच्या बाहेर असली तरी तिच्याशी बोलणं खात्याला बंधनकारक आहे.

आपल्याकडे हे सांगताना लोक एक गोष्ट विसरतात. हे कलम जागा वाचवत नाही. सगळ्या पायऱ्या नीट पार पाडून, सगळ्यांचं ऐकून, शेवटी ‘तरीही प्रकल्प होणार’ असं म्हणण्याचा अधिकार खात्याकडेच राहतो. कायदा फक्त एवढंच म्हणतो की आधी ऐका, मग ठरवा.

मोठ्या आणि गुंतागुंतीच्या प्रकल्पांसाठी त्यात एक मुभा आहे. सगळ्या ठिकाणांची पारख मंजुरीआधी शक्य नसेल तर प्रोग्रॅमॅटिक अ‍ॅग्रीमेंट नावाचा करारनामा करायचा आणि उरलेली पारख त्यात ठरल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने नंतर करायची. इम्पीरियल व्हॅलीत तेच झालं. मंजुरीच्या थोडं आधी, सप्टेंबर २०१० मध्ये, करारनाम्यावर सह्या झाल्या. क्वेचान जमातीला तो मान्य नव्हता. आधी ठिकाणं पारखा, मग मांडणी ठरवा, हा तिचा आग्रह. मुभेचा उपयोग बेकायदा नव्हता. पण ४५९ पैकी कशाचं मोल काय हे ठरण्याआधी २८,३६० तबकड्यांची जागा ठरत होती. नंतरच्या पारखीत एखादं ठिकाण फार महत्त्वाचं निघालं असतं तर तोवर कर्ज, वीजखरेदी करार आणि वीजवाहिनीचं वेळापत्रक अशा सगळ्यांचं ओझं त्या पारखीवर पडलं असतं.

क्वेचान

क्वेचान जमातीचं राखीव क्षेत्र फोर्ट युमा हे कोलोरॅडो नदीच्या काठी, कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोनाच्या सीमेवर आहे. १८८४ मध्ये ते ठरवून दिलं गेलं. प्रकल्पाच्या जागेपासून ते शंभरेक किलोमीटर पूर्वेला. पण जमातीचा पारंपरिक वावर सरकारने आखलेल्या रेघेच्या कितीतरी पलीकडे होता. दाव्यात जमातीने आणखी एक गोष्ट मांडली होती. या वाळवंटात सापडणारा चपट्या शेपटीचा शिंगाळ सरडा जमातीच्या सृष्टी-उत्पत्तीच्या कथेत आहे, आणि प्रकल्प त्याच्याच अधिवासावर येत होता. जीवशास्त्रज्ञाच्या अहवालात तो एका रकान्यात आणि पुरातत्त्वज्ञाच्या अहवालात पायवाट दुसऱ्या रकान्यात. जमातीकडे असे वेगळे रकाने नव्हते.

जमातीचं म्हणणं सोपं होतं. माहिती वेळेवर द्या, ती वाचायला पुरेसा अवधी द्या, आणि आमच्या निवडून आलेल्या कौन्सिलसमोर येऊन बसा. दोन सरकारं बोलतात तसं बोला. ब्युरोकडून पत्रं येत होती, अहवाल येत होते, सर्वांसाठीच्या माहितीसभांची आमंत्रणं येत होती. कौन्सिलसोबतची बैठक मात्र मंजुरी हातात पडेपर्यंत झाली नाही. वरातीमागून घोडं ते हेच.

न्यायालयाने यादी कशी वाचली

सरकारी बाजूने कोर्टात पत्रांची, बैठकांची, दूरध्वनींची आणि पाठवलेल्या दस्तऐवजांची भली मोठी जंत्री सादर झाली. एवढं सगळं केलंय, अजून काय करायचं, असा सूर. न्यायाधीश बर्न्स यांनी केलेलं काम म्हणजे ती जंत्री खरोखर ओळीने वाचली. मला या निकालातला हाच भाग सगळ्यांत शिकण्यासारखा वाटतो. सरकारी खात्यांत ढीगभर कागद हाच पुरावा मानायची सवय असते, आणि समोरचाही बहुधा ढीग बघूनच दबतो.

वाचल्यावर दिसलं ते असं. सरकारी बाजू सगळ्या जमातींचा एकत्रित उल्लेख ‘जमाती’ असा करत होती, त्यामुळे इतरांशी झालेल्या भेटी क्वेचानच्या खात्यावर जमा दिसत होत्या. एका जमातीशी बोललं म्हणजे दुसरीशी बोलल्यासारखं होत नाही, असं न्यायाधीशांनी स्पष्ट केलं. नुसता संपर्क म्हणजे सल्लामसलत नव्हे, हेही त्यांनी बजावलं. पत्रात कायद्याचे उल्लेख होते, सदिच्छा होत्या, बोलण्याची तयारीही होती. पण नीट पाहिलं तर जमातीला एवढंच सांगितलं जात होतं की तुमच्या ठिकाणांची माहिती तुम्हीच गोळा करा आणि जाहीर सभेत येऊन उघड करा. पवित्र जागा, त्यांची माहिती चव्हाट्यावर कोण मांडेल? पुरातत्त्वात ठिकाणांचे नेमके पत्ते गुप्त ठेवण्याचा नियम लुटारूंच्या भीतीने पाळतात. जमातीकडून मात्र उलटी अपेक्षा.

अंतरिम स्थगितीसाठी चार गोष्टी पाहिल्या जातात. दावा जिंकण्याची शक्यता, न भरून येणारं नुकसान, दोन्ही बाजूंच्या गैरसोयीचा तोल आणि जनहित. पहिल्या मुद्द्यावर जतन कायद्याच्या आधारे जमातीचं पारडं जड ठरलं, त्यामुळे पर्यावरण आणि जमीनधोरणाच्या कायद्यांखालचे आक्षेप तपासायची गरज उरली नाही. दुसऱ्यावर फार वाद नव्हता. एकदा खांब गेला की ठिकाण परत येत नाही. जनहिताच्या मुद्द्यावर स्वच्छ ऊर्जा हे सरकारचं धोरण आहे हे न्यायालयाने मान्य केलं, पण जतन कायदाही त्याच संसदेने केला आहे याकडे लक्ष वेधलं.

तारखेची गंमत पुढे. स्थगितीनंतर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, अनुदानाची मुदत एका वर्षाने वाढवणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. ज्या तारखेसाठी एवढी धावाधाव चालली होती ती अशी पुढे सरकली.

पुढे

२०११ च्या सुरुवातीला टेसेराने प्रकल्प एईएस सोलर या कंपनीला विकला. सप्टेंबर २०११ मध्ये स्टर्लिंग एनर्जी सिस्टिम्सने दिवाळखोरी जाहीर केली. सपाट फोटोव्होल्टाइक पॅनेलांच्या किमती तोवर इतक्या कोसळल्या होत्या की फिरत्या तबकड्या आणि इंजिनं परवडेनात. इम्पीरियल व्हॅलीचा हा प्रकल्प कधीच उभा राहिला नाही. पुरातत्त्वाने प्रकल्प मारला असं सांगणारे लोक भेटतात. स्थगितीने त्याला वर्षभर रोखलं असतं इतकंच, जीव घेतला तो बाजाराने. आणि समजा कोर्टाने न अडवता काम सुरू झालं असतं, तर वर्षाच्या आत अर्धवट खोदलेली जमीन, मोडलेली ठिकाणं आणि बुडालेला यंत्रनिर्माता एवढंच पदरी पडलं असतं.

त्याच यादीतला जेनेसिस प्रकल्प मात्र सुरू झाला. ब्लाइथजवळ, फोर्ड ड्राय लेक या कोरड्या तळ्याच्या काठी, २५० मेगावॉटचा. नोव्हेंबर २०११ मध्ये जमीन सपाट करताना कोळशाच्या थरासोबत धान्य दळायचे दगडी पाटे निघाले. कोलोरॅडो नदीकाठच्या जमातींच्या मते ती दहनाची जागा होती. काही भागातलं काम थांबवावं लागलं, वाद पेटला, आणि अखेर प्रकल्प पुरा होऊन वीज देऊ लागला. इथला तांत्रिक धडा वेगळा आहे. खड्यांच्या घट्ट थरावर चालून पाहणी पुरते, कारण सगळं वरच असतं. कोरड्या तळ्याच्या काठी वाऱ्याने आणलेली वाळू साचते आणि अवशेष तिच्याखाली जातात. तिथे पृष्ठभाग स्वच्छ दिसणं हा काहीच पुरावा नाही. आधी भूरचना समजून घेऊन जागोजागी चाचणी-खड्डे घ्यावे लागतात. एकाच वाळवंटात दोन जागांना दोन रीती लागतात.

ब्युरोनेही काही बदललं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सहा राज्यांत सतरा सौर क्षेत्रं, सुमारे २,८५,००० एकर, आधीच हेरून ठेवण्यात आली. प्रकल्प तिकडे वळवायचे, जिथे वाद तुलनेने कमी होतील. अर्ज आल्यावर जागा तपासण्याऐवजी जागा तपासून अर्ज मागवायचे. पुरातत्त्वाच्या दृष्टीने हा क्रम निःसंशय बरा.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर एक कंस उघडतो. भारतात २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली सौर फोटोव्होल्टाइक प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागत नाही. संरक्षित स्मारकाभोवतीची शंभर मीटरची बंदी आणि पुढची दोनशे मीटरची नियंत्रित हद्द आहे, पण ती संरक्षित यादीतल्या स्मारकांनाच. विदर्भात माहुरझरी, जुनापाणी, नायकुंड या परिसरांत महापाषाणयुगीन शिळावर्तुळं आहेत, कोकणात सड्यांवर कातळशिल्पं आहेत. नोंद न झालेली अशी ठिकाणं पडीक, माळरानाच्या, गायरानाच्या जमिनीवरच असणार आणि सौर प्रकल्पांना हवी असते तीच जमीन. तिथे पुरातत्त्वज्ञाला कोणत्या टप्प्यावर बोलवायचं हे कायद्याने कुठेच ठरवलेलं नाही. कंस बंद.

ओकोटियो

क्वेचान जमातीच्या या विजयाची गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धीच राहील. प्लास्टर सिटीच्या पश्चिमेला, त्याच परगण्यात, ओकोटियो पवनऊर्जा प्रकल्पाला ब्युरोने मे २०१२ मध्ये मंजुरी दिली. जमात पुन्हा कोर्टात गेली, त्याच सॅन दिएगोत, मुद्देही बहुतेक तेच. यावेळी ब्युरोने पहिल्या निकालाचा अभ्यास केलेला होता. कौन्सिलशी बैठकांचे प्रयत्न लवकर सुरू झाले होते, पाहणीत जमातींच्या माणसांना सोबत घेतलं होतं, आणि पवनचक्क्यांचा आकडा १५५ वरून ११२ पर्यंत खाली आला होता. जमातीच्या मते तरीही ती जागा पवित्र होती आणि तिथे एकही पवनचक्की नको होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये न्यायालयाने सल्लामसलत पुरेशी झाली असं ठरवून दावा फेटाळला, आणि पुढे अपिलातही तेच कायम राहिलं. ११२ पवनचक्क्या तिथे उभ्या राहिल्या.